वाळवी समजून

आत्याच्या पायाला भिंगरी. चहा उभ्यानं पिणार, जेवताना दोनदा उठणार, आणि कुणी म्हटलं, "अगं, बस की जरा," तर म्हणणार, "मेल्यावर आडवंच व्हायचंय." जंगलातली वाळलेली झाडं शोधून त्यांवर लाल फुली मारायची, हे तिचं काम. फुलीचं झाड दुसऱ्या दिवशी तिचा धाकटा भाऊ करवतीनं पाडायचा. घरटं असेल तर फुली नाही, हा तिनं स्वतःच घातलेला नेम.

त्या दिवशी एका वाळक्या खोडावर, हात पुरत नव्हता तिथं, तिला मातीचा पापुद्रा दिसला. वाळवी, दुसरं काय? मारली फुली आणि निघाली. घाई कसली होती? कसलीच नाही. स्वभावाला औषध नसतं.

घरी वहिनी खिडकीच्या चौकटीची फट ओल्या मातीनं लिंपत होती. ते बघता बघता आत्याला खोडावरचा तो पापुद्रा आठवला. वाळवी जमिनीतून चढते, बुंध्यावर मातीची वाट करत. त्या बुंध्यावर वाट कुठं होती? नुसता वर गिलावा, आणि मधोमध अंगठा जाईल एवढं भोक. शिलींध्री होती ती. मुठीत मावेल एवढं निळ्या पाठीचं पाखरू, खोडावरून डोकं खाली करून चालणारं. मिळेल ती ढोली घेते आणि मोठा पक्षी शिरू नये म्हणून तिचं तोंड चिखलानं लिंपून आपल्यापुरतं दार ठेवते.

भाऊ जंगलातल्या छपरातच मुक्कामाला होता आणि अंधार पडला होता. आत्याच्या डोळ्याला डोळा लागला नाही. उजाडताच ती धावत सुटली. लांबून करवत ऐकू आली, मग एकदम थांबली. संपलं सगळं, असं वाटून तिला रडूच फुटलं.

खोड उभं होतं. करवत त्यात अर्धी रुतलेली, आणि भाऊ कपाळाला हात लावून बसलेला.

"ताई, ही सारखी उलटी उतरून करवतीपर्यंत येते. हाकलली तरी जाईना," तो म्हणाला. "मला पिल्लांचा आवाज आला होता गं. पण तुझी फुली. म्हटलं, ताईची फुली चुकायची नाही."

आत्याला तोंड वर करवेना.

दोघांनी खोड शेजारच्या झाडांना दोरानं करकचून बांधलं. भाऊ म्हणाला, "वाऱ्यानं दोर सैल होणार. पिल्लं उडेपर्यंत कुणीतरी बसायला हवं. तुला जमायचं नाही ते."

आत्या बसली. पाय शिवशिवायचे, जीव नुसता खालीवर व्हायचा. दोर आवळायचा, पुन्हा बसायचं. शिलींध्री चोचीत किडे घेऊन दिवसभर ये-जा करायची, आणि आत्याला तिचा हेवा वाटायचा.

एका सकाळी फांदीवर पिल्लं दिसली. भाऊ करवत घेऊन आला.

"उडाली ना? ऊठ आता."

आत्यानं दोर सोडला नाही. "एक आत आहे अजून," ती म्हणाली. "बस की जरा."