घरात न ठेवलेलं सोयाबीन

मी लग्न होऊन आले तेव्हापासून दर पावसाळ्यात आमच्या शेतात सोयाबीन उभं असतं, पण ते कधी आमच्या ताटात आलं नाही. ज्वारी, भात, शेंगा घरासाठी ठेवायच्या; सोयाबीन मळणी मशीनमधून निघालं की थेट व्यापाऱ्याच्या गाडीत. परत यायची ती पेंड, म्हशीसाठी. कोल्हापूरच्या आसपास बहुतेकांची हीच रीत.

सासरे आतड्याच्या कॅन्सरनं गेले. त्यानंतर डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला समोर बसवून सांगितलं, हा आजार घरात आहे, तपासण्या चुकवू नका. मटण कमी करा. डाळी, सोयाबीन, चोथा असलेलं खा. पोट साफ राहतं, धोका कदाचित कमी होतो. हमी मात्र कुणी देत नाही. ह्यांनी मान डोलावली आणि येताना मटणाच्या दुकानासमोर गाडी थांबवली.

मी हट्टाला पेटले. मळणीच्या वेळी डबाभर सोयाबीन बाजूला काढलं. रात्रभर भिजवायचं, साल काढायची, शिजवून आमटीत घालायचं. कधी भाजून थालीपिठाच्या पिठात. पहिल्याच घासाला ह्यांना कळायचं.

"म्हशीचं ताट चुकून हिकडं आलं काय?"

"खाऊन तर बघा."

"पेंड जनावराला. आणि आज रविवार हाय, तांबडा रस्सा कुठं हाय?"

हसू यायचं. अशा माणसावर रागावणार तरी किती?

मग शौचातून रक्त पडायला लागलं. हे म्हणाले, "मूळव्याध हाय. तिखटानं हुतंय." ताकातून कसलीशी पूड घेत राहिले. आमच्या गावात घरटी कुणाला ना कुणाला मूळव्याध असते, त्यामुळे कुणी दचकलंही नाही. शेवटी तपासणी झाली तेव्हा आजार यकृतापर्यंत पोचला होता.

आतड्याचा तुकडा काढला. आता डॉक्टरांना विचारून सोयाबीनचं दूध गाळून देते. मुकाट पितात. नाक मुरडत नाहीत, म्हशीचं नाव काढत नाहीत, आणि मला ते बघवत नाही. वेळेवर खाल्लं असतं तर हे टळलं असतं का, ते कुणालाच सांगता येत नाही. आता त्यानं काही होणार नाही, एवढं दोघांनाही कळतं. तरी मी रोज भिजत घालते, कारण दुसरं काहीच माझ्या हातात उरलेलं नाही.

परवा मळणी झाली. व्यापाऱ्याची गाडी दारात उभी होती. हे आतून, खाटेवरून म्हणाले, "एक पोतं घरात ठेव. खायला."

"एवढं कशाला?"

"ऱ्हाऊ दे की. वरीसभर पुरंल."

मी पोतं आत ओढलं आणि त्यांना दिसेल असं भिंतीला टेकवून ठेवलं. डॉक्टर संक्रांतीच्या पुढचं काही बोलत नाहीत.