तोसने न उपटलेला चोर

हॉलंडमधल्या आमच्या नॉर्डवाइकरहाउटच्या वाळूत ट्यूलिपचे कांदे पोसणाऱ्यांना चोराची भीती नसते, चीड असते. चोर म्हणजे एका जातीच्या वाफ्यात घुसलेलं दुसऱ्या जातीचं झाड. फुलं उमलली की वाकून वाफ्यांमधून चालायचं आणि चोर दिसला की कांद्यासकट उपटायचा. या कामात तोस फान डर झाल्मसारखी नजर गावात कुणाची नव्हती. एका ईस्टरला तिने चर्चमधल्या वेदीवरच्या फुलदाणीतून चुकीच्या रंगाचं फूल सगळ्यांदेखत उपसून काढलं. पाद्रीबाबांनी प्रवचन तसंच पुढे रेटलं.

तिचा आणि तिचा भाऊ आरी याचा सामाईक मळा माझ्या मळ्याला लागून. त्यांचे ट्यूलिप उशिरा फुलणारे, दुहेरी. फिकट गुलाबी, पाकळ्यांत पाकळ्या कोंबलेले, पाऊस पडला की लग्नातल्या जाडजूड आत्याबाईंसारखे एका अंगावर कलणारे. एका मे महिन्यात त्या गुलाबीत तोसला एक फूल दिसलं. फिकट जर्दाळू रंगाचं, कडेला सायीसारखं पांढुरकं. पान तेच, उंची तीच, बांधा तोच. म्हणजे चोर बाहेरून आलेलाच नव्हता, घरातल्याच कांद्याने रंग बदलला होता. तोस तिथेच उकिडवी बसून राहिली. मला वाटलं, कंबर धरली.

आरीच्या लेखी चोर तो चोर. दुसऱ्या दिवशी तपासनीस यायचा होता, आणि परका रंग सापडला तर मालाची प्रत घसरते. तोसला मात्र या रंगाची नवी जात वाढवायची होती, आणि पानं पिवळी पडेपर्यंत कांदा मातीतच भरतो. मध्येच उपटला तर संपलाच.

"तू उपटतेस की मी उपटू?" आरीने विचारलं.

"हात लावून तर बघ. मग रविवारी सूप कोण करतं तेही बघ."

तिने फावड्याने झाडासकट मातीचं भलंमोठं ढेकूळ सुटं केलं, आणि आम्ही दोघांनी ते जस्ताच्या जुन्या टबात घालून गोदामामागे नेला. माझी पाठ अजून त्याची आठवण काढते. तपासनीस वाफे पाहून खूश झाला, कॉफीसाठी मागे आला आणि टबासमोरच थबकला. हे काय, म्हणून त्याने विचारलं.

"चोर आहे," तोस म्हणाली. "कैदेत ठेवलाय."

आणि तिने त्याच्यापुढे दुसरं बिस्किट धरलं. आमच्याकडे पाहुण्याला एकच मिळतं, त्यामुळे एवढी लाच पुरते.

जागा हलवल्याचा राग धरून त्या कांद्याने नुसती बोराएवढी दोन-तीन पिल्लं दिली. इतक्या लहान कांद्याला फूल येत नाही, नुसतं एक पान येतं. आरी त्याला 'तोसची पालेभाजी' म्हणायचा आणि कुठला सॉस लागेल ते विचारायचा. ती दर शरद ऋतूत कांदे लावायची, दर उन्हाळ्यात काढायची, उंदरांशी भांडायची. खुब्याच्या ऑपरेशनानंतर डॉक्टरांनी वाकायला बंदी केली, तर उलट्या क्रेटवर बसून मागे मागे सरकत तिने ओळ लावलीच.

आणि मग एका मे महिन्यात ती अख्खी ओळ फुलली. सगळी जर्दाळू, एकही फूल गुलाबीवर घसरलेलं नाही. गाव बघायला आलं. हार्लेमची फुलवाली तर देठासकट सगळी ओळ मागू लागली. नेमकं त्याच आठवड्यात आरीच्या मुलीचं, मार्लेइनचं, लग्न. आरी टोपी हातात घेऊन बहिणीपुढे उभा राहिला. निदान पोरीच्या हातातल्या गुच्छापुरती तरी दे, म्हणाला. पण देठ कापला की पानं जातात आणि खाली कांदा उपाशी राहतो.

"देठ मिळणार नाहीत," तोस म्हणाली. "डोकी ने."

आणि तिने कट कट करत ओळीतली एकूण एक फुलं मानेपासून खुडली. हार्लेमच्या बाईंनी डोळ्यांवर हात घेतला.

लग्नात मार्लेइनच्या हातात गुलाबी गुच्छ होता, आणि जर्दाळू रंगाची फुलं प्रत्येक टेबलावर सुपाच्या बशीत पाण्यावर तरंगत होती. पाहुणे एकमेकांना विचारत होते, यांचे देठ कुठे गेले?

"मळ्यात आहेत," आरी छाती पुढे काढून सांगत होता. "आमचे कांदे भरतायत."