जावेच्या चिंबोऱ्या आणि माझा तपास

आमच्या घरात अजून कोणाचाही खून झालेला नाही. जमीन विमानतळात गेली, पैसा आला, बंगले झाले, पण माणसं आपापल्या मरणानेच मेली.

त्या रविवारी दुपारी सुनेने, प्रणालीने, टीव्हीवर जुना डिटेक्टिव्ह सिनेमा लावला. श्रीमंत घराणं, म्हातारा मरतो, आणि वाटणीपायी एकेक वारस खलास. डिटेक्टिव्ह हुशार होता. (फक्त सगळे मेल्यावर त्याला कळायचं.) खुनी निघाली ती सगळ्यांना प्रेमाने वाढणारी बाई.

सिनेमा संपला आणि दारात डबा आला. धाकट्या जावेने, हिराने, चिंबोऱ्यांचं, म्हणजे खेकड्यांचं, कालवण पाठवलं होतं.

आता हिरा आणि मी वाटणीपासून बोलत नव्हतो. दोन बंगल्यांमध्ये भिंत, आणि उलव्याचा एक प्लॉट अजून दोघींच्या नावावर. माझ्या वयाची घरात तीच एक उरलेली. कोणाबद्दल वाईट बोलायचं म्हटलं तर तिच्याशिवाय ऐकायला माणूस नाही. त्यामुळे डबा बघून जीव सुखावला. पण झाकण उघडलं आणि ती सिनेमातली बाई डोळ्यांपुढे आली. एवढ्या वर्षांनी आजच प्रेम कसं उतू गेलं?

टाकून द्यावं तर चिंबोऱ्या. खावं तर प्लॉट.

आमच्याकडे आलेलं भांडं रिकामं परत करत नाहीत. मला युक्ती सुचली. कालवण पातेल्यात काढलं, डबा घासला, तेच कालवण परत भरलं आणि वर मूठभर कोथिंबीर टाकली. ओळखू येऊ नये म्हणून. मग स्वतःच भिंतीला वळसा घालून हिराकडे गेले. म्हटलं, मीपण चिंबोऱ्याच केल्या होत्या, घे.

मला दारात बघून तिचे डोळे भरले. मी तो पुरावा धरला. (सिनेमातलीपण रडली होती.) तिने भाकरी घेतली आणि जेवायला बसली. मी समोर बसून तिचा हात थरथरतो का ते बघत होते. हात कसला थरथरतोय! नांगी फोडून चोखत होती.

विष नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच भूक लागली. पण ती काही थांबेना. डबा पुसून खाल्ला, मग म्हणाली, "बाय, राग मानू नको. चिंबोऱ्या ताज्या हायत, पन वाटन तुला पयल्यापासून जमत नाय."

मग तिनेच विचारलं,

"माजं कसं झालतं?"

"ब्येस झालतं," मी म्हटलं.

"मंग? दोन्ही खाल्लंस ना, फरक कललाच आसंल. येत जा रविवारी. शिकवीन."

ते कालवण तिचंच होतं हे सांगितलं, तर बोलणं पुन्हा बंद होईल. म्हणून दर रविवारी जाते, तिच्या पाट्यापाशी बसते आणि सगळ्या गावाची उणीदुणी काढून येते. वाटण शिकायचं ते शिकतेच. चौथीपर्यंत शाळेत मी एकदाही नापास झाले नाही. सत्तरी उलटल्यावर झाले, तेही दुसऱ्या बाईने लिहिलेल्या पेपरात.