आघाडी, युती आणि दोन मार्क

अंबडजवळच्या एका शाळेत मी सव्वीस वर्षं भूगोल शिकवतो आहे. दरवर्षी मी पोरांना मध्य अक्षवृत्तांतल्या आघाड्या शिकवल्या आणि एकही आघाडी डोळ्यांनी पाहिली नाही. आपल्याकडे त्या येतच नाहीत. येते ती फेब्रुवारीतली गारपीट, आणि तिला मोसंबीवाले जे म्हणतात ते फळ्यावर लिहिता येत नाही. तरी मी निळ्या-लाल खडूच्या रेघा ओढून ठणकावून सांगायचो: दोन हवा जिथे भिडतात ती आघाडी. गार हवा जड, ती उबदार हवेच्या खाली घुसते. उबदार हवा वर चढते, वर गेली की निवते, ढग होतात, पाऊस पडतो. खाली पुरेसा गारठा असला तर बर्फ.

पण आमच्या जिल्ह्यात आघाडी म्हटलं की पोरांच्या डोळ्यांपुढे हवा येत नाही, प्रचाराचा मंडप येतो. माझी मुलगी नववीला माझ्याच वर्गात होती. त्या वर्षी निवडणूक होती, दारावरून भोंगे फिरत होते. सहामाहीच्या पेपरात 'कारणे द्या'खाली तिने लिहिलं, "गरम आघाडी आणि थंड आघाडी यांची युती होते, मंग पाऊस पडतो." मी लाल पेनाने शेरा मारला, 'हे राजकारण नव्हे', दोनपैकी शून्य दिलं आणि ते वाक्य वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं. वर्ग खो खो हसला. मास्तरच्या पोरीला फुकटचे मार्क मिळतात असं कुणी म्हणू नये, एवढीच माझी काळजी. तिने दोन दिवस अबोला धरला. मला त्याचं काही वाटलं नाही; उलट आपण फार निःपक्षपाती आहोत म्हणून मी खुशीत होतो.

तीच मुलगी गेल्या वर्षी इंजिनिअरिंगचं पुढचं शिक्षण घ्यायला जर्मनीला गेली. पहिले दोन महिने फोनवर नुसता उत्साह. नोव्हेंबर लागला आणि तिचा आवाज बसत चालला. "पप्पा, तीन आठवडे झाले, ऊन दिसलं न्हाई. साडेचारला अंधार पडतो. मी परत येऊ का?"

'ये' म्हणायला आम्हा दोघांना क्षणही लागला नसता. बायकोचे तर डोळेच भरायचे. पण ही जागा पोरीने स्वतः धडपडून मिळवली होती. एका आभाळापायी तिने ती सोडावी हे मला पटेना, आणि तसं तोंडावर सांगायची हिंमतही होईना. मग मी मास्तरकी केली.

"रोज दुपारी आभाळाचा फोटो पाठव," मी म्हणालो. "वारा कुठून येऊन राह्यला ते लिही. उद्याचं हवामान मी सांगतो."

"अंबडात बसून?"

"बसूनच."

बायको मागून म्हणाली, "इथं दोरीवरचे कपडे भिजले तरी कळत न्हाई, अन् जर्मनीचं सांगून राह्यले." पण फोटो यायच्या वेळेला, म्हणजे आमच्या संध्याकाळी साडेसहाला, ती चहा घेऊन शेजारी येऊन बसू लागली. पिंजलेल्या कापसासारखे उंच ढग दिसले की मी सांगायचो, उबदार आघाडी येतेय, उद्या दिवसभर झिमझिम. वारा वायव्येकडे फिरला की गार आघाडी, एक जोराची सर आणि मग लख्ख. बहुतेक बराबर यायचं. चुकलं की पोरगी इतकी हसायची की अधूनमधून चुकावं असंच मला वाटायचं.

डिसेंबरात एकदा तिने फोटोखाली लिहिलं, "फोन सांगून राह्यला उद्या नुसता पाऊस. तुम्ही सांगा. तुमचं बराबर आलं तर फेब्रुवारीच्या परीक्षेपर्यंत थांबते. न्हाई तर तिकीट काढते." पुढे हसरं तोंड होतं. पण मी तिला ओळखतो. मनातून अर्धं ठरलेलं असलं की ती असंच हसत बोलते.

त्या संध्याकाळी माझा चहा गार झाला. कापूस दोन दिवसांपूर्वी दिसला होता, झिमझिमही होऊन गेली होती. पुस्तकाप्रमाणे आता ऊब यायला हवी होती. तिने लिहिलं होतं, "ऊब बिलकुल न्हाई, गारठाच वाढून राह्यला." मग ती उबदार हवा गेली कुठे? मी माळ्यावरून कॉलेजातलं जाडं पुस्तक काढलं. अभ्यासक्रमात नाही म्हणून सव्वीस वर्षं मी ज्या पानाकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, त्यावर ते सापडलं. गार आघाडी जोरात चालते, पुढच्या उबदार आघाडीला गाठते, दोन्ही एक होतात. मधली उबदार हवा जमिनीवरून उचलली जाते आणि वर जाऊन बरसते.

दोन्ही एक होतात. मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. याला युती नाही तर काय म्हणायचं?

मी लिहिलं, "सकाळी पाऊस. दुपारी त्याचाच बर्फ." आणि पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी गोदावरी अरबी समुद्राला नेऊन मिळवली. पोरांनीच ती परत पूर्वेला वळवली. संध्याकाळी व्हिडिओ कॉल आला. पोरीने कॅमेरा खिडकीबाहेर फिरवला. सगळं पांढरं.

"गोळ्यावाल्याच्या किसासारखं दिसून राह्यलं," बायको म्हणाली.

"पप्पा, फोन चुकला. तुम्हाला कसं कळलं?"

"गरम आघाडी आणि थंड आघाडी यांची युती झाली," मी म्हणालो, "मंग पडला."

ती म्हणाली, "मंग माझे दोन मार्क?"

बायको उठली. कपाटातून, माझ्या नेमणुकीच्या जुन्या कागदांखालून, तिने तो पेपर काढला. इतकी वर्षं तो तिने जपून ठेवला होता हे मला माहीतच नव्हतं. मी शेरा खोडला, शून्याचे दोन केले. ते करताना मला फार लाज वाटली. चौदा वर्षांची पोर बरोबर होती, आणि माझ्या अज्ञानापायी मी अख्ख्या वर्गाला तिच्यावर हसवलं होतं. शेजारी लिहिलं, 'चूक मास्तरची', खाली सही केली आणि फोटो पाठवला.

थोड्या वेळाने तिचा फोटो आला. कुणाच्या तरी गाडीच्या टपावर बोटभर बर्फ साचला होता, आणि त्यात तिने बोटाने कोरलं होतं : २/२. त्याखाली, 'फेब्रुवारी पक्का'.

बायकोने चष्मा लावून तो फोटो मोठा करून पाहिला. "हातमोजे घातले न्हाईत पोरीनं," ती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसून माझा चहा गरम करायला आत गेली.