लाभपासून सातपर्यंत

माझा बाबा, पेणच्या खाडीवरचा नाथा, इंजिनाला घाबरतो असं मी गावात सांगितलं असतं तर लोकांनी मलाच वेड्यात काढलं असतं. मिठागरावरचं डिझेल इंजिन त्याच्याच हाताखाली. खाडीचं पाणी उपसून मिठाच्या वाफ्यांत सोडायचं ते. ते बंद पडलं की अख्खं मिठागर हात बांधून बसायचं. पण बाबा घाबरायचा, आणि मला ते कळायचं, कारण मी त्याच्याहून जास्त घाबरायचे.

इंजिनाचं तेल बदलायचं तर आधी ते थोडं चालवून गरम करावं लागतं. तेल पातळ होतं आणि तळाचा गाळ घेऊन बाहेर येतं. पण फार तापलं असेल तर तळाचा नट सुटल्याबरोबर ते हातावरच येतं. म्हणून आमच्या मिठागरावर एक रीत होती. इंजिन बंद करून त्याच्या पोटाला तळवा लावायचा आणि मिठाच्या पाट्या मोजतात तसं मोजायचं. पहिल्याला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. लाभ, दोन, तीन करत सातपर्यंत हात टिकला तर नट सोडायचा. नाही टिकला तर विडी ओढत थांबायचं.

माझं लग्न व्हायच्या आदल्या वर्षी, ऐंशी साली, मी बाबाची भाकरी घेऊन गेले होते. त्याने पोटाला हात लावला आणि म्हणाला, "मोज गो मालू." मला मावशीकडे रोह्याला जायचं होतं, एस.टी.ची वेळ झालेली. लाभ, दोन, तीन म्हटलं, चार-पाच गिळले आणि सहा, सात म्हणून मोकळी झाले. बाबाने नट सोडला.

त्याचा डावा हात कोपरापासून बोटांपर्यंत गेला. बोटं वळली ती वळलीच. मी काय केलं ते मी कुणाला सांगितलं नाही, आईलाही नाही. जळली मेली ती एस.टी. रोह्याला सासरी गेल्यावर माहेरी यायचंच मी टाळायला लागले. आले तरी बाबाच्या हाताकडे बघायचे नाही.

त्यानंतर बाबा तेल थंडच बदलायचा. विचारलं तर म्हणायचा, थंडच बरं असतं. चार वर्षांत गाळ साठून इंजिन काळा धूर ओकायला लागलं. मिठागराचा मुकादम हैबतराव दारात येऊन म्हणाला, "नाथा, उद्या गरम करून तेल काढ. तुला जमत नसंल तर सांग, मी नागोठण्यावरनं माणूस आणतो."

तेव्हा मी चार महिन्यांचं बाळ घेऊन माहेरी आले होते. आई म्हणाली, "तू जा त्याच्यासंगती. एकच हात उरलाय त्याला." रात्रभर माझा डोळा लागला नाही. बाळ मात्र शहाण्यासारखं झोपलं होतं.

सकाळी बाबाने इंजिन चालवलं, बंद केलं. घमेलं खाली सरकवलं. मग उजवा तळवा इंजिनाच्या पोटाला लावला. मी मोजलं, या वेळी सगळं मोजलं. सात झाले तरी हात तिथंच.

"दे पाना," तो म्हणाला.

पाना माझ्या हातात होता, पण तो देववेना. रोज बाळाला न्हाऊ घालताना मी पाण्यात आधी कोपर बुडवायचे, तसंच काही विचार न करता इंजिनाला कोपर लावलं. लाभ म्हणायच्या आत ओढून घेतलं. कातडं लालभडक.

बाबा माझ्या कोपराकडे बघत राहिला. मग स्वतःच्या तळव्याकडे. लहानपणापासून मीठ ओढून ओढून त्या हाताला घट्टे पडलेले, खारानं भेगाळलेला तो हात. "मला तर कोमटच लागतंय गो," तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

माझं तोंड तेव्हा उघडलं. म्हटलं, "बाबा, त्या दिवशी मी चार-पाच गिळले. एस.टी.साठी. तुझा हात माझ्यामुळं गेला."

"ठाव हाय," तो म्हणाला.

मी पाना खाली ठेवला.

"तू गिळलंस ते मला ऐकू आलं की. मी मनात मोजत व्हतो. सात पुरे केले, मंगच नट सोडला." तो खाली बसला. "समदं बरोबर केलं, तरी भाजलो. का भाजलो तेच कळंना. म्हणून तर भ्या वाटायचं, मालू. चूक झाली असती तर पुढच्या टायमाला चूक केली नसती. आज कळलं, या घट्ट्यांच्या हाताला चटकाच कळत नाय."

"मग मला बोलला का नाही?"

"तुला काय बोलायचं? तू येईनाशी झालीस. मला वाटलं, हात वाकडा झाला म्हणून पोरीला किळस येते."

मी त्याचा डावा हात माझ्या मांडीवर घेतला, चार वर्षांत पहिल्यांदा. तिथंच बसून आम्ही इंजिन निवायची वाट बघितली. मध्ये मध्ये मी कोपर लावून बघत होते. शेवटी कोपर सातपर्यंत टिकलं. बाबाने डोळे मिटून नट सोडला. काळं तेल त्याच्या बोटांवरून घमेल्यात गेलं आणि काही झालं नाही.

पुढं बाबाने इंजिन सोडेपर्यंत, तेल बदलायच्या आदल्या दिवशी एस.टी.च्या कंडक्टरबरोबर रोह्याला निरोप यायचा, मालूला पाठवा. मी जायचे. भीती दर वेळी वाटायची, दोघांनाही. पण मी एकही आकडा गिळला नाही.