आजकाल लवकरच येते

"मुलगी साडेसात वर्षांची, हाडं दहा वर्षांची." अमरावतीच्या डॉक्टरांनी माझ्या समूच्या डाव्या हाताचा एक्स-रे उजेडात धरला. आजाराचं नाव प्रिकॉशस प्युबर्टी, म्हणजे आठ वर्षांच्या आतच पोर वयात यायला लागणं. पाळी अजून आली नव्हती, पण फार लांब नव्हती. अशा पोरींची उंची आधी झपाट्यानं वाढते, मग हाडं लवकर पक्की होतात आणि वाढ कायमची थांबते.

"छातीत गाठ कधी दिसली?"

"सहा महिने झाले."

"मग इतके दिवस काय करत होता?"

काय करत होते? अहो, मी आरोग्यसेविका आहे! तेल्हाऱ्याकडच्या शाळांत पोरींना पाळीची माहिती देत फिरते. माझं ठरलेलं वाक्य होतं, "आजकाल लवकरच येते, घाबरायचं नाही." सासूबाईंना सोळाव्या वर्षी आली, मला तेराव्या, पुतणीला अकराव्या. म्हणून समूचं दिसलं तेव्हा तेच वाक्य मी स्वतःला ऐकवलं आणि गप्प बसले. आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

सासूबाईंनी तर निकालच लावला. "तुनंच तिले अंडे चारले, म्हून झालं हे!" पोरीचं अंडं बंद, दूध बंद, दोरीवरच्या उड्यासुद्धा बंद. अकोल्यातले ओळखीचे डॉक्टर न तपासताच हसले, "आजकाल असंच असतं, ताई." शिकलेला माणूस, तोही तेच!

शेवटी अमरावती गाठली. तिथं रक्त, सोनोग्राफी आणि डोक्याचा एमआरआय. मेंदूत गाठ तर नाही, हे बघायला. बाहेरच्या बाकावर समूनं विचारलं, "आई, मी मोठी झाली काय? आता मले दोरीवर कधीच नाही खेळता येनार?"

माझं डोकंच फिरलं. "कोन म्हनते? घरी गेल्यावर माह्यासमोर खेळ!"

मेंदूत गाठ नव्हती. आता महिन्याला एक इंजेक्शन. वयात आणणारा मेंदूचा हुकूम त्यानं थांबतो. डॉक्टर म्हणाले, "उरलेली उंची वाचवू. गेलेले सहा महिने परत येणार नाहीत." समू अंगणात दोरीवर उड्या मारते, सासूबाई तोंड फिरवून बसतात. बसू देत.

बायांनो, पोर आठच्या आतली असेल आणि छातीत गाठ लागली, तर लहान मुलांच्या डॉक्टरांकडे जा. "आजकाल" म्हणणाऱ्या कोणाचंही ऐकू नका. माझंही.

मागच्या आठवड्यात शाळेत एक आई जवळ आली. "मॅडम, माही पोरगी दुसरीत हाय. छातीत दुखते म्हनते. पन आजकाल लवकरच येते ना? तुमीच त सांगतलं होतं."

"सांगतलं होतं," मी म्हणाले. "चुकलं माह्यं. उद्या सकाळच्या एसटीनं तिले घेऊन अमरावतीले चाला. मी येतो संग."