कापूस श्वास घेतो तेव्हा

परवा तलमडुगूला भाच्याकडे गेलो, तर मधली खोली कापसानं भरलेली. सरकीचा तो तेलकट, कोंदट वास नाकात शिरला आणि मी, पन्नाशीचा गडी, जागच्या जागी सात वर्षांचा झालो!

भाव येईपर्यंत आमच्याही घरी कापूस असाच आढ्यापर्यंत रचत. आत जीव गुदमरतो, शिरायचं नाही, असं मायनं बजावलेलं. तरी लपाछपीत सुमनताई त्यात शिरलीच. मी हाका मारल्या. पण कापसाच्या खोलीत हाक तोंडातून निघते आणि तिथंच विरते. मी रडत मायला आणलं.

"काऊन बोंबलून राह्यला रे?"

"माय, ताईला कापसानं गिळलं!"

माय दारातूनच ढीग निरखत राहिली. मग मलाही दिसलं. कोपऱ्यातला ढीग हळूच वर येत होता, खाली जात होता. कापूस श्वास घेत होता! मायनं तिथंच हात घालून वेणीला धरून ताईला ओढून काढलं. ती पांढरीफटक भुतीण आधी शिंकली, मग म्हणाली, "हरला का नाई?"

ताईला जाऊन वर्ष झालं. परवा तिचाच लेक दारातून म्हणाला, "मामा, चहा निवून राह्यला. काय पाहता?"

"काई नाई रे," म्हणालो. पण कोपऱ्यातल्या ढिगावरची नजर काही हलवली नाही.